कीगल करूनही गळती वाढली: घट्ट स्नायूंचं एक प्रकरण

लघवी गळते म्हणजे खालचे स्नायू सैल पडलेत, आणि सैल पडलेत म्हणजे ते आवळायचे व्यायाम, म्हणजे कीगल, करायचे. हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो कुणी पडताळून पाहत नाही. पुष्कळ बायकांच्या बाबतीत तो बरोबरही निघतो. पुढचं प्रकरण मात्र तो जिथे चुकतो तिथलं आहे. ते एका विशिष्ट बाईचं नाही. अशी तक्रार घेऊन फिजिओथेरपीला येणाऱ्या बायकांमध्ये जे वारंवार दिसतं ते एकत्र गुंफून मांडलं आहे, तेव्हा त्यातलं वय, आठवडे आणि मोजमापं उदाहरणादाखल समजावीत. तपासणीची रीत आणि उपचारांचा क्रम मात्र प्रत्यक्षात असाच असतो.

तक्रार

बाई ४१ वर्षांच्या, पेशाने शिक्षिका. दोन बाळंतपणं, दोन्ही योनिमार्गे. दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला आणि टाके पडले. त्यानंतर काही वर्षांनी खोकताना, शिंकताना थेंबभर लघवी सुटू लागली. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण बाळंतपणानंतर असं होतंच असं सगळ्यांनी सांगितलं होतं. (होतं हे खरं. पण सहन करत बसावं लागतं हे खरं नाही.) गळती वाढली तेव्हा त्यांनी व्हिडिओ पाहून कीगलचे व्यायाम सुरू केले. फरक पडेना म्हणून संख्या वाढवली. आमच्याकडे आल्या तेव्हा दिवसाला २०० वेळा आवळणं चाललं होतं, उभ्याने, बसून, वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा. शिवाय लघवी करताना मध्येच धार अडवण्याचा सरावही रोज होता.

आठ महिन्यांत झालं ते असं. खोकल्याबरोबरची गळती तशीच राहिली. वर घाई सुरू झाली, म्हणजे लघवी लागली की दार गाठेपर्यंत कपडे ओले. दिवसातून कितीतरी वेळा जावं लागे, पण गेल्यावर धार लवकर सुरू होत नसे आणि झाल्यावरही मूत्राशय मोकळं झाल्यासारखं वाटत नसे. शौचाला जोर करावा लागे. माकडहाडाजवळ ठसठस असे, बसून उठताना जास्त. शरीरसंबंध दुखरा झाला होता. ही शेवटची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नाही, विचारल्यावर सांगितली. म्हणून ती विचारावीच लागते, आणि सहजपणे, इतर प्रश्नांच्या ओघात विचारावी लागते.

लघवीची तपासणी अनेकदा झाली होती आणि जंतुसंसर्ग कधी सापडला नव्हता. जिथे जिथे त्या गेल्या तिथे एकच सल्ला मिळाला: व्यायाम नेटाने करा.

तीन दिवसांची नोंदवही

शरीराला हात लावण्याआधी त्यांना तीन दिवस लघवीची नोंद ठेवायला सांगितलं. किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर भरली, काय आणि किती प्यायलात, कधी गळली, तेव्हा काय करत होतात. कागद साधा, पण त्यातून जे कळतं ते नुसत्या विचारपूशीतून कळत नाही.

त्यांची नोंद सांगत होती की दिवसा त्या १३ ते १४ वेळा जातात आणि दर वेळी ९० ते १५० मिलीच होते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र ४२० मिली. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण ३०० ते ५०० मिली धरतं. म्हणजे यांचं मूत्राशय लहान झालेलं नव्हतं. रात्री झोपेत ते व्यवस्थित भरत होतं, दिवसा त्याला भरूच दिलं जात नव्हतं. शाळेत तास सुरू होण्याआधी, बाहेर पडण्याआधी, बस पकडण्याआधी, ‘एकदा जाऊन येते’ ही सवय लागली होती. पाणीही त्यांनी कमी केलं होतं. दुपारी दोनपर्यंत जेमतेम एक पेला. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, आणि दाट लघवी मूत्राशयाला जास्त चिथावते. गळू नये म्हणून केलेली काळजीच घाई वाढवत होती.

लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहिलं. फारशी उरत नव्हती. रक्त, ताप, जळजळ काही नव्हतं. हे बघणं गरजेचं असतं, कारण लघवीत रक्त दिसणं, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणं, लघवी एकाएकी तुंबणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं किंवा शौचावरचा ताबा अचानक सुटणं यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. शेवटच्या तीन गोष्टींत तर एक दिवसही थांबायचं नाही. त्यात पाठीच्या कण्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात.

तपासणी

ओटीपोटाचा तळ म्हणजे पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा थर. त्यातला मुख्य स्नायूसमूह लेव्हेटर एनाय. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग याच थरातून खाली येतात. हे स्नायू वर उचलून बंद करतात, तसंच खाली सैल होऊन उघडूही देतात. दोन्ही कामं त्यांचीच आहेत, पण बोललं जातं ते पहिल्याबद्दलच.

आतून तपासणी करायची तर आधी सगळं सांगावं लागतं. काय करणार, का करणार, एकच बोट वापरणार, अंगावर चादर असेल, हवं तर सोबत दुसरी बाई असेल, आणि कुठल्याही क्षणी ‘थांबा’ म्हटलं की थांबणार. नको म्हणण्याचा हक्क पूर्ण आहे, आणि नको म्हटलं म्हणून उपचार अडत नाहीत. बाहेरून पाहूनही बरंच कळतं, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आवळताना मूत्राशयाचा तळ हलताना दिसतो. ज्यांना संबंधाचा अनुभव नाही, ज्यांना फार दुखतं किंवा ज्यांच्यावर कधी जबरदस्ती झाली आहे, त्यांच्याबाबतीत बाहेरूनच सुरुवात करणं योग्य. तपासणी टेबलावर घाईने आणि न सांगता झालेली एक तपासणी बाईला पुढची कित्येक वर्षं उपचारांपासून दूर ठेवू शकते. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण या बाई तपासणीला तयार व्हायला दुसरी भेट लागली आणि ती भेट वाया गेली असं मला वाटत नाही.

उभ्या असतानाच पहिली गोष्ट दिसली. पोट सतत आत ओढून धरलेलं, श्वास छातीच्या वरच्या भागात, नितंब आवळलेले. आडवं झाल्यावर ‘लघवी अडवल्यासारखं करा’ म्हटलं तर मांड्या आणि नितंब घट्ट झाले, श्वास कोंडला, योनीजवळचा भाग मात्र जेमतेम हलला. खोकायला सांगितलं तर तो भाग वर उचलला जाण्याऐवजी खाली ढकलला गेला.

आतल्या तपासणीत ताकद मोजण्यासाठी सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी वापरतात, शून्य ते पाच. यांची दोन. धरून ठेवण्याची वेळ तीन सेकंद. इथपर्यंतचं चित्र दुबळ्या स्नायूचंच आहे. पण पुढचा प्रश्न विचारला नाही तर प्रकरण इथेच चुकतं: सोडा म्हटल्यावर स्नायू सुटतो का? सुटत नव्हता. आवळल्यानंतर तो बराच वेळ तसाच ताठ राही. शौचाला बसल्यासारखं हलकेच खाली सोडा म्हटलं तर उलट आणखी आवळला जाई. उजव्या बाजूला बोटाचा हलका दाब पडला तरी कळ, आणि ती कळ माकडहाडाकडे जाणारी, त्यांची ओळखीची. बाजूच्या ऑब्च्युरेटर इंटर्नस या स्नायूतही दुखरे बिंदू. टाक्यांची जुनी खूण ओढल्यासारखी, दुखरी. योनीची पुढची भिंत थोडी खाली आलेली होती, पण अंग बाहेर येण्यासारखं काही नव्हतं.

आंतरराष्ट्रीय कॉन्टिनेन्स सोसायटीच्या गटाने २००५ मध्ये या स्नायूंच्या स्थितींना नावं ठरवून दिली. सैल व्हायला हवं तेव्हा जो सैल होत नाही, उलट आकसतो, त्याला अतिसक्रिय स्नायू म्हटलं. या बाईंचा स्नायू अतिसक्रिय होता आणि दुबळाही. दोन्ही एकाच वेळी असतं, आणि हेच समजून घ्यायला जड जातं.

घट्ट असूनही गळतं कसं

खांदे कानांपर्यंत उचलून धरा. आता आणखी उचला. जागाच उरलेली नसते. खोकला येतो तेव्हा पोटातला दाब एकाएकी वाढतो. निरोगी शरीरात त्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू आपोआप वर उचलले जातात आणि मूत्रमार्ग दाबून धरतात. जो स्नायू दिवसभर अर्धा आवळलेलाच आहे, त्याच्याकडे त्या क्षणी उचलायला अंतर नसतं. शिवाय तो थकलेला असतो. त्यात पोट आत ओढून श्वास कोंडल्यामुळे दाब सगळा खालीच उतरतो.

दुसरा भाग घाईचा. सतत ताठ असलेला, दुखरा तळ मूत्राशयाला स्वस्थ बसू देत नाही, आणि धार सुरू होण्यासाठी लागणारा सैलपणाही देत नाही. त्यात धार मध्येच अडवण्याचा रोजचा सराव. लघवी होत असताना मूत्राशय आकसत असतं आणि तळ सैल पडलेला असतो. त्या घडीला तळ आवळणं म्हणजे एकाच वेळी दोन उलटे हुकूम देणं. स्नायू सापडला का हे पाहायला एखाद्या वेळी ते चालेल, रोजचा व्यायाम म्हणून नाही.

मूळ दुखापत बाळंतपणातलीच असावी. २००४ मधल्या एका संगणकीय अभ्यासात असं दिसलं की बाळाचं डोकं बाहेर येताना लेव्हेटरचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. चिमट्याच्या प्रसूतीत इजेचा धोका वाढतो. स्नायू दुबळा झाला, गळती सुरू झाली, गळेल या भीतीने बाई आवळून राहू लागल्या आणि वर २०० कीगल चढले. दुबळेपणा तसाच राहिला, त्यावर ताठरपणा बसला.

आर्नल्ड कीगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता पेरिनिओमीटर, म्हणजे योनीत ठेवून आवळण्याचा दाब दाखवणारं उपकरण. बाई काय करते आहे हे तिला स्वतःला आणि शिकवणाऱ्यालाही दिसत असे. पुढे व्यायाम जगभर गेला आणि तपासणी मागे राहिली. १९९१ मध्ये ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं गेलं, तेव्हा साधारण निम्म्यांनीच ते नीट केलं आणि चौघींत एकीचं करणं असं होतं की त्याने गळती वाढू शकली असती. चौघींत एक! तरीही कागदावर ‘कीगल करा’ लिहून पाठवणं आजही चालूच आहे, आणि याचा मला राग येतो.

उपचार

पहिली सूचना होती, कीगल पूर्ण बंद. बाई घाबरल्या. आठ महिने ज्याला धरून होत्या तेच सोडायला सांगितलं, आणि गळती तर होतीच. मी त्यांना बोटाखाली जे लागलं ते त्यांच्याच हाताने, आरशात पाहून, पटवून दिलं. आवळल्यावर भाग किती थोडा वर जातो आणि सोडल्यावर किती उशिरा खाली येतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्या थांबायला तयार झाल्या.

पहिले पाच आठवडे सगळा भर सोडण्यावर. आडवं पडून, गुडघे वाकवून, बरगड्यांच्या खालच्या भागात आणि पोटात श्वास. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येतं आणि त्याच्याबरोबर ओटीपोटाचा तळही खाली उतरतो. तो उतरू द्यायचा, ढकलायचा नाही. मग बालासनात तेच, मग आधार घेऊन उकिडवं बसून. दिवसातून अनेकदा स्वतःला विचारायचं, पोट ओढून धरलंय का, नितंब आवळलेत का, आणि सोडून द्यायचं. शिक्षिकेला वर्गात उभं असताना हे लक्षात ठेवणं सोपं नाही. म्हणून फळा पुसायला वळलं की श्वास सोडायचा, अशी खूण ठरवली.

भेटीत त्यांच्या संमतीने आतल्या दुखऱ्या बिंदूंवर हलका, स्थिर दाब दिला, कळ ओसरेपर्यंत. टाक्यांच्या खुणेला हलकं चोळणं त्यांनी घरी स्वतः शिकून घेतलं. शरीरसंबंध तोवर थांबवण्याची सक्ती नव्हती, पण दुखत असताना सहन करून करायचा नाही हे स्पष्ट सांगितलं. दुखण्याच्या अपेक्षेनेच स्नायू आधी आवळला जातो आणि मग अधिक दुखतं. नवऱ्याला पुढच्या भेटीला आणायचं का हे त्यांनीच ठरवलं. ते आले आणि त्याचा उपयोग झाला.

शौचाला बसताना पायांखाली छोटा पाट किंवा स्टूल, गुडघे कंबरेपेक्षा वर. अशा बसण्याने गुदमार्गाभोवतीचा प्यूबोरेक्टालिस स्नायू अधिक सैल पडतो. जोर करायचा नाही, तोंडाने लांब फुंकर सोडायची. लघवीलाही पूर्ण बसायचं, अधांतरी राहायचं नाही.

पाणी दिवसभरात विभागून वाढवलं, चहा-कॉफी कमी केली. ‘एकदा जाऊन येते’ बंद. लघवीतलं अंतर त्यांचं सरासरी तासाभराचं होतं, ते हळूहळू १५ मिनिटांनी वाढवत न्यायचं. घाईची लाट आली की पळायचं नाही. जागेवर थांबायचं, टाचा उचलून टेकवत राहायचं, श्वास लांब सोडायचा. लाट ओसरली की चालत जायचं. अशा शिक्षणाला निदान सहा आठवडे द्यावे लागतात. तीन दिवसांत हात टेकले तर काहीच कळत नाही.

पाचव्या आठवड्यानंतरच्या तपासणीत कळ बरीच कमी झाली होती आणि सोडा म्हटल्यावर स्नायू सुटत होता. आता बळकटी सुरू केली. तीन सेकंद आवळायचं, सहा सेकंद सोडायचं, आणि सोडणं पूर्ण झाल्याशिवाय पुढचं आवळायचं नाही. आठ वेळा, दिवसातून तीनदा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही दिवसातून तीनदा निदान आठ आकुंचनं आणि देखरेखीखाली निदान तीन महिने इतकंच सांगतात. २०० नाही. मांड्या, नितंब शांत ठेवून. आडवं पडून जमलं की बसून, मग उभ्याने. आवळण्याची वेळ सेकंदासेकंदाने वाढवली.

त्याबरोबर खोकला-शिंकेच्या क्षणभर आधी तळ उचलून धरण्याची युक्ती. १९९८ मधल्या एका अभ्यासात ही युक्ती शिकवल्यावर आठवडाभरातच खोकल्याबरोबरची गळती घटली होती. इतक्या थोड्या वेळात स्नायू बळकट होत नाही, म्हणजे फरक पडला तो वेळ साधण्याने. आमच्या बाईंनाही पहिला दिलासा इथेच मिळाला.

सातवा आठवडा

सर्दी-खोकला झाला, दोन दिवस गळती वाढली. त्यांनी न सांगता जुना कार्यक्रम सुरू केला. पुढच्या भेटीत माकडहाडाची ठसठस परत आली होती आणि धार पुन्हा अडखळू लागली होती. हे मी तपशिलात देते, कारण जवळजवळ प्रत्येकीच्या उपचारात असा एक टप्पा येतो. भीती वाटली की शरीर आवळतं, आणि आवळणं म्हणजे काहीतरी करणं असं वाटून धीर येतो. सोडून देण्यात तसा धीर मिळत नाही. आम्ही दोन आठवडे पुन्हा श्वासावर गेलो. वेळ गेला, पण त्यानंतर घट्ट आणि बळकट यांतला फरक त्यांना स्वतःच्या अंगात ओळखता येऊ लागला. पुढच्या खोकल्यात त्यांनी आवळणी वाढवली नाहीत.

सोळाव्या आठवड्याची स्थिती

दिवसा सात ते आठ वेळा लघवी, दर वेळी २५० ते ३५० मिली. घाईची गळती थांबलेली. भरलेल्या मूत्राशयावर खोकल्याची लांब उबळ आली तर अजून थेंब जातो. ताकद तीन, धरण्याची वेळ आठ सेकंद, सोडणं पूर्ण. माकडहाडाचं दुखणं गेलं. संबंधातलं दुखणं निम्म्याहून कमी झालं, पण टाक्यांच्या खुणेपाशी सुरुवातीला अजून दुखतं. बरं झालं असं मी लिहिणार नाही. बरंच सुधारलं, इतकं खरं.

हे वाचून कुणी चालू असलेले कीगल बंद करू नयेत. खोकल्याबरोबरच्या गळतीवर, नीट शिकून केलेल्या तळाच्या व्यायामांइतका भक्कम पुरावा असलेला दुसरा पहिल्या टप्प्याचा उपाय नाही. बहुतेक बायकांना बळकटीचीच गरज असते. शंका घ्यायची ती जोडीला इतर खुणा असतील तेव्हा: धार सुरू व्हायला वेळ लागणं, लघवीनंतर मूत्राशय मोकळं न वाटणं, बद्धकोष्ठ, संबंधात किंवा आतली तपासणी करताना दुखणं, माकडहाडाचं दुखणं आणि व्यायामाने त्रास वाढणं. यांपैकी दोन-तीन एकत्र दिसली तर आवळण्याची संख्या वाढवण्याआधी स्नायू सुटतो का हे कुणाकडून तरी तपासून घ्यावं.

यापुढचे तीन महिने बाईंना वजन उचलणं, पायऱ्या आणि शेवटी दोरीवरच्या उड्या, जोर लावताना श्वास सोडत, अशी चढती तयारी दिली आहे. उड्यांच्या टप्प्याला गळती परतली किंवा पुढची भिंत आणखी खाली आल्यासारखी वाटली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून योनीत बसवायच्या आधाराच्या कड्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार होईल. टाक्यांच्या खुणेसाठीही त्यांचंच मत घ्यायचं आहे, आणि त्याची चिठ्ठी या भेटीतच दिली.